पदकानंतरचा चित्रकार: ना. श्री. बेंद्रे, इंदूर ते बडोदे

१९५० साली नारायण श्रीधर बेंद्रे चाळीस वर्षांचे झाले. चित्रकार म्हणून सिद्ध करण्यासारखं तोवर फारसं काही उरलं नव्हतं. जन्म इंदूरचा, शिक्षण इंदूरच्याच कलाशाळेत, मग मुंबईची सरकारी पदविका. बॉम्बे आर्ट सोसायटीचं रौप्यपदक १९३४ साली मिळालं, सुवर्णपदक १९४१ साली. १९३६ ते १९३९ ही वर्षं काश्मीरमध्ये पर्यटकांसाठीच्या सरकारी कचेरीत चित्रकार-पत्रकार म्हणून नोकरी केली. १९४५ मध्ये शांतिनिकेतनला मुक्काम झाला. तिथे नंदलाल बोस, बिनोदबिहारी मुखर्जी, रामकिंकर बैज यांचं काम जवळून पाहिलं. १९४७ मध्ये अमेरिका, १९४८ मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शन. निसर्गचित्रांना गिऱ्हाईक होतं, समीक्षक नावाजत होते.

अशा माणसाने पुढं काय करायचं, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. बेंद्र्यांनी जे केलं ते मला आजही थक्क करतं. ज्या गोष्टीसाठी त्यांचं नाव झालं होतं ती त्यांनी बाजूला ठेवली, आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत असं एकदा नव्हे, निदान तीनदा केलं.

हे प्रकरण मी का घेतलं ते सांगते. बडोद्यात मी मधल्या वयातल्या लोकांसाठी चित्रं पाहण्याचे वर्ग घेते. येणारे बहुतेक आपापल्या कामात स्थिरावलेले असतात: डॉक्टर, वास्तुरचनाकार, रिफायनरीतून नुकतेच निवृत्त झालेले अभियंते, दोन पिढ्यांचं साड्यांचं दुकान चालवणारे. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य वरचेवर येतं: हात आता आपोआप चालतो. कामाचा तुटवडा नाही, पैशाची ओढाताण नाही, लोक मान देतात. पण सकाळी कामाला बसताना आज काय होईल याची उत्सुकता उरलेली नाही. अशांना मी यशस्वी माणसांच्या प्रेरक गोष्टी सांगत नाही. मी त्यांच्यासमोर बेंद्र्यांची चित्रं कालक्रमाने मांडते आणि हा माणूस कुठे कुठे वळला ते शोधायला सांगते.

इंदूरचा हात

वळण कळायचं तर आधी मूळ रस्ता कळायला हवा. होळकर संस्थानात दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ च्या सुमारास कलाशाळा उभी केली. बेंद्रे तिथले, मकबूल फिदा हुसेन काही काळ तिथले, विष्णू चिंचाळकर तिथलेच. एका संस्थानी गावातल्या लहानशा शाळेतून एवढी माणसं निघाली याचं श्रेय देवळालीकरांच्या शिकवण्याला जातं. इंदुरात आज त्यांच्या नावाची कलावीथिका आहे, पण इंदूरबाहेरच्या किती मराठी माणसांना हे नाव ठाऊक असतं? असायला हवं.

या शाळेची शिकवण मोकळ्या हाताची होती. इंप्रेशनिस्ट, म्हणजे वस्तूपेक्षा तिच्यावरचा त्या क्षणाचा उजेड रंगवणाऱ्या फ्रेंच चित्रकारांकडून घेतलेली दृष्टी, उघड्यावर बसून रंगवण्याची सवय, जाडसर रंगाचे ठाम फटकारे. मुंबईच्या सरकारी शाळेत तेव्हा घोटून घोटून गुळगुळीत केलेल्या रंगकामाला मान होता. इंदूरच्या पोरांची चित्रं त्यापुढे ताजी वाटत. सावली काळी नसते, तिच्यात निळा असतो, जांभळा असतो, शेजारच्या भिंतीचा परावर्तित पिवळा असतो, हे माळव्याच्या लख्ख उन्हात बसल्यावर शिकवावं लागत नाही, दिसतंच. बेंद्रे यात तरबेज झाले. उजेड हा त्यांच्या चित्राचा कणा होता. तो कुठल्या बाजूने येतो, कशावर पडतो, कुठे विरतो, हे चार-सहा फटकाऱ्यांत सांगण्याची हातोटी त्यांच्याकडे होती आणि हात विलक्षण वेगवान होता.

पदकं या हाताला मिळाली आणि गिऱ्हाईकही या हाताला मिळालं. पुढचा धोका इथूनच सुरू होतो. काश्मीर रंगवलं की विकलं जातं, हे एकदा कळलं की माणूस पुन्हा काश्मीर रंगवतो. त्यात काही पाप नाही. घर चालवायचं असतं, आणि चांगलं निसर्गचित्र ही काही हलकी गोष्ट नव्हे. त्या पिढीतले कितीतरी गुणी चित्रकार आयुष्यभर तेच करत राहिले आणि उत्तम करत राहिले. त्यांना नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण ज्यांना आतून टोचणी लागते त्यांच्यासाठी बेंद्र्यांचा मार्ग उपयोगी आहे.

एक तपशील वर्गात नेहमी चर्चेला येतो. सुवर्णपदक मिळून सहा वर्षं झाली असताना, सदतीस वर्षांचा हा चित्रकार अमेरिकेत गेला तेव्हा नुसती प्रदर्शनं पाहून, हात हलवून परत आला नाही. न्यूयॉर्कला त्यांनी छापचित्रणाचं तंत्र शिकून घेतलं. म्हणजे पुन्हा विद्यार्थी. पत्र्यावर ओरखडे काढायचे, शाई भरायची, पुसायची, दाबयंत्रातून कागद काढायचा आणि काय उमटलंय ते बघायचं. कुंचल्याच्या फटकाऱ्याला इथे काही किंमत नाही. उलटं कोरावं लागतं आणि ठसा निघेपर्यंत थांबावं लागतं. पुढच्या सगळ्या वळणांचं बीज मला या निर्णयात दिसतं.

बडोद्यात आल्यावर

महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं. हंसा मेहता कुलगुरू होत्या. दुसऱ्याच वर्षी ललितकला विद्याशाखा सुरू झाली. कलाशिक्षण बडोद्याला नवं नव्हतं. सयाजीरावांच्या काळात, १८९० साली, कलाभवन उघडलं होतं आणि दादासाहेब फाळके तिथे शिकून गेले होते. पण कलाभवनाचा भर हुन्नरावर, धंदेशिक्षणावर होता. चित्रकलेला विद्यापीठाची पदवी, इतिहास आणि सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासासकट, हा प्रयोग देशात नवा होता. मार्कंड भट्ट, शिल्पकार शंखो चौधरी, १९५१ पासून चित्रकार के. जी. सुब्रमण्यन अशी मंडळी जमली. चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून बेंद्रे आले.

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. नावाजलेला निसर्गचित्रकार विभागप्रमुख होतो. अभ्यासक्रम तयार नाही, परंपरा नाही, वरून कुणी सांगणारं नाही. सगळ्यात सोपं काय होतं? आपल्याला येतं ते शिकवायचं. चार-पाच वर्षांत बेंद्र्यांसारखी निसर्गचित्रं काढणारी पंचवीस मुलं तयार झाली असती आणि लोकांनी त्याला बेंद्रे घराणं म्हणून वाखाणलं असतं. गाण्यात आपण हेच करतो आणि त्याचा अभिमानही बाळगतो.

तसं झालं नाही, याचा पुरावा त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामात आहे. शांती दवे मेण मिसळलेल्या रंगांनी जाड थरांची अमूर्त चित्रं करू लागले. ज्योती भट्ट छापचित्रांकडे वळले आणि पुढे कॅमेरा घेऊन गुजरात-राजस्थानातल्या खेड्यांत भिंतींवरची, अंगणातली चित्रं टिपत फिरले. गुलाममोहम्मद शेख शहरं, नकाशे, आठवणी, कहाण्या एकाच चित्रात गुंफणारे. रतन परिमू चित्रकार आणि कलेतिहासाचे अध्यापक. चौघांची कामं शेजारी लावून पाहा. एका गुरूच्या हाताखालून गेलेत हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. एवढं वेगळेपण योगायोगाने येत नाही. विभागप्रमुखाने आपली शैली वर्गाबाहेर ठेवल्याशिवाय ते शक्य नाही.

आणि आपली शैली बाहेर ठेवल्यावर वर्गात काय आणायचं? विद्यार्थी विचारणारच, घनवाद (क्यूबिझम) म्हणजे काय. पिकासो आणि ब्राक यांनी १९०७-०८ च्या आसपास पॅरिसमध्ये सुरू केलेली ती रीत पुस्तकातून समजावता येते. बेंद्र्यांनी ती स्वतः रंगवून पाहिली. ते प्रात्यक्षिकांसाठी प्रसिद्ध होते. मुलांसमोर कॅनव्हास लावून रंगवायला उभं राहायचे. सरावाच्या शैलीत प्रात्यक्षिक देणं ही वाहवा मिळवण्याची हमखास संधी असते. पण आपण स्वतःच जे अजून चाचपतोय ते वीस वर्षांच्या पोरांच्या डोळ्यांसमोर करण्यासाठी वेगळी छाती लागते. शिकवण्याने त्यांना शिकत ठेवलं, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे शिकवणं म्हणजे साठवलेलं वाटणं असं मानतात; इथे साठा संपला की पुन्हा भरणं भाग होतं.

या काळातली ‘काटा’, ‘सूर्यफुलं’, ‘पोपट आणि सरडा’ ही चित्रं पाहावीत. ‘काटा’ला १९५५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यात बेंद्र्यांनी काय सोडलं हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण वरवर पाहणारा म्हणतो की निसर्गचित्रकाराने आधुनिक शैली उचलली, बस. इंप्रेशनिस्ट वळणाच्या चित्रात ऊन एका ठिकाणाहून येतं आणि सगळ्या वस्तू त्या उन्हात न्हातात. घनवादी चित्रात वस्तूचे कोन आणि पृष्ठभाग मोडून पुन्हा जुळवलेले असतात. प्रत्येक तुकड्याचा उजेड-अंधार त्याचा स्वतःचा, चित्राच्या बांधणीच्या गरजेप्रमाणे ठरलेला. म्हणजे एका दिशेने येणारं ऊन संपलं. ज्या एका गोष्टीवर त्यांची सारी कीर्ती उभी होती तीच त्यांनी काढून टाकली.

पण सगळं काढून टाकलं नाही, आणि ही बाब माझ्या वर्गातल्या लोकांना सगळ्यात उशिरा दिसते. चित्रात काय आहे? गावाकडची बाई, फुलं, पक्षी, सरडा. इंदुरात उघड्यावर बसणाऱ्या मुलाचं जग तेच राहिलं. रंगांची जाणही तीच. परक्या घनवादी चित्रांतला राखाडी-तपकिरी कोरडेपणा इथे फारसा नाही. विषय तोच ठेवून रीत बदलली. एका वेळी एकच टोक सोडलं, दुसरं घट्ट धरून ठेवलं. चाळिशी-पन्नाशीत नवं काही करायचं म्हणजे जुनं सगळं टाकून हिमालयात जायचं, अशी आपली एक भाबडी कल्पना असते. बेंद्र्यांचा अनुभव याच्या उलट सांगतो.

पगाराची गोष्ट

कलेवर लिहिताना पैशाचा विषय टाळायची आपल्याकडे रीत आहे. या प्रकरणात तो टाळला तर अर्धं कारण गळून पडतं.

घनवादी प्रयोग झाले तेव्हा बेंद्र्यांचा पगार विद्यापीठाकडून येत होता. निसर्गचित्रं विकली गेली नाहीत तर महिनाअखेर अडणार नव्हती. जी वर्षं त्यांना पूर्णवेळ चित्र विकून काढावी लागली असती, त्या वर्षांत गिऱ्हाइकाला अनोळखी वाटणारी चित्रं करण्याची मोकळीक त्यांना मिळाली असती का? मला शंका आहे. नव्या विद्यापीठाला अशी माणसं हवी होती आणि अशा माणसांना बाजाराच्या बाहेरची जागा हवी होती, दोघांचं जमलं. म्हणून मी याला एका माणसाच्या हिंमतीची गोष्ट म्हणून सांगत नाही. हिंमत होतीच, पण तिला टेकू देणारी संस्था होती, बरोबरीने वाद घालणारे सहकारी होते. सुब्रमण्यन विणकामाकडे, खेळण्यांकडे, भाजलेल्या मातीच्या भित्तिशिल्पांकडे जात होते. शेजारी असं चाललेलं असताना आपण आपल्या काश्मीरवर बसून राहणं अवघडच झालं असतं. १९५६ मध्ये शिक्षक आणि विद्यार्थी मिळून बडोदा ग्रुप निघाला आणि त्यांनी एकत्र प्रदर्शनं केली. विभागप्रमुखाचं चित्र आणि विद्यार्थ्याचं चित्र एकाच प्रदर्शनात! आज किती विद्यापीठांत हे घडेल?

माझ्या वर्गातले व्यावसायिक इथे चटकन आपला हिशेब मांडू लागतात, आणि ते योग्यच आहे. दुकानाचा गल्ला ज्या मालावर चालतो त्याच मालावर प्रयोग केले तर पहिल्याच मंदीत प्रयोग बंद पडतो. पोटाचं काम एका बाजूला आणि चाचपडण्याचं काम दुसऱ्या बाजूला ठेवता आलं तर दोन्ही जगतात. बेंद्र्यांच्या बाबतीत ही विभागणी विद्यापीठाने करून दिली. आपल्याला ती स्वतः करावी लागते.

खुर्ची

१९५९ मध्ये बेंद्रे विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले. या टप्प्यावर मी थोडक्यात जाते, कारण कागदपत्रं, बैठका, नेमणुका यांत चित्रकाराचं काय होतं हे कुणालाही कल्पनेने समजेल. याच सुमारास, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, परदेशच्या आणखी एका प्रवासानंतर त्यांनी अमूर्त चित्रं केली. आकृती गेली, बाई गेली, बैल गेला. रंग, पोत, ओघळ उरले. म्हणजे यावेळी दुसरं टोकही सोडून पाहिलं.

ते तिथे राहिले नाहीत. काही वर्षांत आकृतीकडे परतले. वर्गात याला कुणी ना कुणी अपयश म्हणतं. मला तसं वाटत नाही. विषय आणि रीत दोन्ही एकदम सोडल्यावर आपल्याला काय उरतं हे त्यांनी कॅनव्हासवर तपासलं आणि उत्तर मिळाल्यावर निघाले. नंतरच्या चित्रांतला रंगाचा सुटेपणा, एखादा डाग नुसता डाग म्हणून सुंदर दिसू देण्याचं धैर्य, हे त्या वर्षांतून आलंय असं चित्रं शेजारी ठेवल्यावर दिसतं. प्रयोग केला म्हणजे जन्मभर त्याच पत्त्यावर राहायला पाहिजे, असं थोडंच आहे?

१९६६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि मुंबईला गेले. वय छप्पन्नच्या घरात. पद होतं, मान होता, त्यांच्या हाताने उभी राहिलेली संस्था होती. राजीनाम्यामागच्या कारणांत मी शिरत नाही. परिणाम पुढच्या चित्रांत आहे, आणि तो पुरेसा आहे.

ठिपके

मुंबईत गेल्यावर पुढच्या वर्षांत बेंद्र्यांनी जी रीत धरली ती ठिपक्यांची. मूळ कल्पना जुनी. फ्रान्समध्ये शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये रंगांच्या शेजारावर ग्रंथ लिहिला होता: एक रंग शेजारच्या रंगामुळे बदललेला भासतो. १८८० च्या दशकात सेरा या चित्रकाराने याचा पद्धतशीर वापर केला. रंग पॅलेटवर कालवायचे नाहीत. शुद्ध रंगाचे बारीक ठिपके कॅनव्हासवर शेजारी शेजारी ठेवायचे आणि मिसळण्याचं काम पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचं.

हे नुसतं सांगून कळत नाही म्हणून मी करायला लावते. टेबलावर झेंडूचं फूल, पोस्टर रंगांच्या चार बाटल्या, इअरबड. अट अशी की केशरी रंग तयार करायचा नाही. पिवळा आणि लाल, सुटे. सावलीला काळा नाही, निळा आणि जांभळा. शेवटच्या वेळी वर्गात दातांच्या एक डॉक्टर होत्या, पन्नाशीच्या, दांडिया बाजारात दवाखाना. पहिल्या दहा मिनिटांत त्यांचा कागद चिखल झाला, कारण ठिपका वाळायच्या आत दुसरा त्यावर.

“ताई, माझा हात फार पटकन चालतो हो,” त्या म्हणाल्या. “दाढ काढताना तेच बरं असतं.”

“मग इथे त्याला थांबवा, डॉक्टर. पिवळे सगळे आधी. वाळू देत. मग लाल.”

दुसरा कागद घेतला. पाकळीच्या उजेडाकडच्या कडेला पिवळे ठिपके दाट, आत जाईल तसे लाल वाढत गेलेले, देठाजवळच्या खोबणीत तीन-चार निळे. टेबलाजवळून पाहिलं तर गोवराची पुरळ उठल्यासारखं. मी त्यांना दाराशी जाऊन उभं राहायला सांगितलं. “अगं बाई, केशरी दिसतंय की!” आणि मग स्वतःशीच, “आणि कालवलेल्या केशरीपेक्षा जिवंत दिसतंय.” ते जिवंत दिसण्याचं कारण साधं आहे. रंगद्रव्यं कालवली की प्रत्येक द्रव्य उजेडाचा आपला आपला वाटा गिळतं आणि मिश्रण मळकं होत जातं. ठिपके सुटे राहिले की प्रत्येकाचा उजेड डोळ्यापर्यंत वेगळा पोचतो आणि चित्र थरथरतं.

आता बेंद्र्यांकडे परत. ज्यांचा हात वेगासाठी प्रसिद्ध होता त्यांनी साठीच्या आसपास अशी रीत निवडली जिच्यात वेगाचा काही उपयोग नाही. एका फटकाऱ्यात झाडाची फांदी उभी करणारा माणूस त्याच फांदीसाठी शेकडो ठिपके ठेवत बसला. हा माझा अर्थ आहे, त्यांनी असं कुठे म्हटलंय असा दावा नाही. पण त्यांच्या आयुष्यातली सगळी वळणं मला एका सूत्रात दिसतात. छापचित्रणात थेट फटकारा गेला. घनवादात एका दिशेचं ऊन गेलं. अमूर्तात विषय गेला. ठिपक्यांत वेग गेला. दर वेळी आपल्या हाताला सगळ्यात चांगलं येणारी गोष्ट त्यांनी काढून घेतली, आणि उरलेल्याच्या जोरावर हाताला पुन्हा रांगायला लावलं. कुतूहल ही मनाची लहर आहे, आली तर आली, असं आपण समजतो. बेंद्र्यांनी ते कामाच्या मांडणीतच बसवलं. हात अडला की डोकं आपोआप विचारू लागतं.

या ठिपक्यांत इंदूर परत आलं हेही सांगायला हवं. ऊन परत आलं. पाण्याला निघालेल्या बाया, झाडाखालची जनावरं, दुपारची धग; पण आता ते ऊन बाहेरून पडत नाही, ठिपक्यांच्या शेजारातून तयार होतं. वीस वर्षांपूर्वी सोडलेली गोष्ट वेगळ्या दाराने घरात आली.

आक्षेप

बेंद्र्यांवरचा ठरलेला आक्षेप असा की त्यांची स्वतःची शैली कुठली? इंप्रेशनिझम उसना, घनवाद उसना, अमूर्त उसनं, ठिपके तर नव्वद वर्षं जुने. आक्षेप पोकळ नाही. हुसेनचं चित्र रस्त्यापलीकडून ओळखू येतं. बेंद्र्यांची वेगवेगळ्या काळातली चित्रं एका माणसाची आहेत हे जाणकारालाही सांगावं लागतं. बाजारात ओळखता येणं ही मोठी ताकद असते आणि बदलत राहणारा ती गमावतो. ही किंमत खरी आहे. वर्गातला एकजण, जाहिरातीच्या धंद्यातला, यावर हट्टाने भांडला होता: लोकांनी मला ज्या कामासाठी ओळखावं ते काम मीच बदलत राहिलो तर मला बोलावणार कोण? मी त्याला खोडून काढू शकले नाही आणि काढू नयेच. फक्त एवढं दाखवलं की बेंद्र्यांनी गिऱ्हाइकासमोर दर महिन्याला नवा चेहरा धरला नाही. एकेका रीतीत ते वर्षानुवर्षं राहिले आणि खोलवर गेल्यावरच निघाले. बदल आणि चंचलपणा यांतली रेषा त्या वर्षांनी आखलेली आहे.

माझा स्वतःचा आक्षेप वेगळा आहे. शेवटची ठिपक्यांची रीत फार काळ टिकली. तिला गोडवा होता, तिला बाजार मिळाला, आणि त्या काळातली काही चित्रं मला पुन्हा पुन्हा तीच वाटतात: तीच बाई, तोच घडा, तीच दुपार. म्हणजे हातातलं कौशल्य काढून घेणारी रीतसुद्धा कालांतराने हातात मुरते आणि आपोआप चालू लागते. १९६९ मध्ये पद्मश्री, १९९२ मध्ये पद्मभूषण. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ते गेले. आणखी एक वळण त्यांनी घेतलं असतं का, या प्रश्नावर वर्गात दर वेळी मतं फुटतात.

तुलनेसाठी मी त्याच इंदूरच्या शाळेतले विष्णू चिंचाळकर घेते. व्यक्तिचित्रांत नाव कमावलेला हा चित्रकार. त्यांनी वाळलेली पानं, काटक्या, सालं, फेकून दिलेल्या वस्तू हातात घेतल्या आणि त्यांत चेहरे, प्राणी, पक्षी शोधू लागले. वस्तू फारशी बदलायची नाही, नुसती फिरवायची, आणि ती काय म्हणते ते पाहायचं. बेंद्र्यांनी रीती बदलल्या पण कुंचला ठेवला. चिंचाळकरांनी कुंचलाच दूर केला आणि इंदूर ठेवलं. बेंद्र्यांच्या वाटेला संस्था, प्रवास, सन्मान आले. चिंचाळकरांना मुलं भेटली, शाळा भेटल्या. कुठली वाट बरी हे ठरवायचं काम मी करत नाही, पण कुठलं टोक धरलं आणि कुठलं सोडलं हा प्रश्न दोघांनाही लावता येतो, आणि आपल्यालाही.

दातांच्या डॉक्टरांचं पुढे काय झालं

त्या चित्रकार होणार नाहीत, त्यांना व्हायचंही नाही. पण वर्ग संपल्यावर त्यांनी हाच प्रश्न स्वतःच्या कामाला लावला. धरायचं काय? रुग्ण आणि तोंडातली बारीक कामाची सवय. सोडायचं काय? वेग आणि एकट्याने निर्णय घेणं. आता त्या आठवड्यातले दोन दिवस दवाखाना लेकीवर सोपवतात आणि जबड्याला इजा झालेल्या लोकांसाठी कृत्रिम भाग घडवणाऱ्या एका तंत्रज्ञाकडे मेण कोरायला शिकतात. तंत्रज्ञ त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे, त्यांना मॅडम म्हणतो आणि त्यांचं काम बिनदिक्कत परत पाठवतो. उत्पन्न थोडं घटलंय. घरून विरोध झाला तो सासूबाईंकडून नव्हे, नवऱ्याकडून. नवऱ्याला हे सगळं निवृत्तीनंतर करायची गोष्ट वाटते. बेंद्र्यांना १९५० मध्ये विद्यापीठाने जी जागा दिली ती इथे लेकीने दिली आहे, आणि लेक स्वतःचा दवाखाना काढायचं म्हणते आहे. तसं झालं तर हे दोन दिवस कुठून आणायचे, याचं उत्तर अजून डॉक्टरांकडे नाही.